इक्बालला पडलेलं एक मत

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी शारजाहून इक्बालच्या मुलीचा फोन आला, "काका, अब्बा गेले." वडिलांना कायमचं आपल्याकडे न्यायला ती टोरांटोहून आली होती. मी त्याच्या अल मजाजमधल्या घरी पोचलो तेव्हा भरलेल्या दोन बॅगा दाराशी तशाच उभ्या होत्या…

तिथे जमलेले सगळे त्याच्याबद्दल चांगलंच बोलले. एक गोष्ट मात्र राहिली, कारण ती मलाच ठाऊक आहे.

वीस वर्षांपूर्वी दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या मराठी वाचक गटाचा प्रमुख निवडायचा होता. इक्बाल परकार मूळचा रत्नागिरीचा, दुबईच्याच देरा बाजारात मसाल्यांचा व्यापार करणारा. त्याच्याइतकं वाचलेलं आमच्यात कोणी नव्हतं. त्याचं नाव मीच सुचवलं. ऐनवेळी माझ्या ऑफिसातले साहेबही उभे राहिले. मतदान चिठ्ठ्यांवर होतं, पण साहेब माझं अक्षर रोज पाहत. मी साहेबांचं नाव लिहिलं. मोजायलाही मीच बसलो. इक्बालला एकच मत होतं, आणि ते त्याच्याच हिरव्या शाईत.

"स्वतःचंच काय रे परकार?" कोणीतरी टोमणा मारला.

"स्वतःला कोण मत देतं? ते सुधीरचं. मित्र आहे माझा."

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली.

मुलगी कॅनडात गेल्यावर त्याला तिथल्या इतिहासाचं वेड लागलं. एकोणिसाव्या शतकातल्या ऑन्टारियो प्रांताच्या निवडणुकीवरचं जाडजूड पुस्तक बगलेत घेऊनच तो शारजातल्या खालिद लगूनच्या काठावर फिरायला यायचा. तेव्हा तिथे चिठ्ठी नव्हती. मतदाराने अधिकाऱ्यासमोर उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचं; मालक, सावकार ऐकत उभे. तरी काही जण मालकाच्या तोंडावर दुसऱ्याचं नाव घेत, हे सांगताना तो खुलायचा. एकदा बाकावर टेकत त्याने सहज विचारलं, "तिथे असतो, तर दिलं असतंस का रे मला?"

"दिलं असतं."

"खलास," तो हसला. "मग पडलं समज."

त्याला सगळं माहीत होतं. वीस वर्षं माहीत होतं.

ते पुस्तक मुलीने मला दिलं. गेल्या रविवारी गट जमला, तेव्हा त्याची दाराजवळची खुर्ची कोणी घेतली नव्हती. साहेब समोरच होते. आता मुलाकडे राहतात, कानात यंत्र लावतात. मी उभा राहिलो, वीस वर्षांपूर्वी चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते सांगितलं. मग त्या खुर्चीकडे बघत, साहेबांना यंत्राशिवायही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "इक्बाल परकार."