पिंपातली टरफलं

पत्रकांच्या घड्या घालत मी मोठी झाले. वडील युनियनचे. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात पाण्याच्या तांब्याआधी पत्रक पडायचं. अन्याय दिसला की कागदावर उतरवायचा आणि वाटायचा, एवढंच मला येत होतं.

मावशीचा मळा नाशिकच्या औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला, नाल्यालगत. वर सायकलींच्या भागांना चकाकी चढवणाऱ्या प्लेटिंगच्या चार-पाच शेड होत्या. त्यांचं पिवळं पाणी नाल्यात यायचं. विहीर आटली की मावशी तेच मोटारीनं मेथीला द्यायची. तक्रारी करून झाल्या. प्रदूषण मंडळाचे साहेब येत, बाटलीत पाणी भरून नेत. त्यापुढे काहीच होत नसे.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. भुईमुगाची टरफलं सौम्य आम्लात भिजवून वाळवली, तर पाण्यातलं क्रोमियम, म्हणजे प्लेटिंगच्या पाण्यातला तो विषारी धातू, धरून ठेवतात, हे मॅडमनी प्रयोगशाळेत दाखवलं होतं. मी तेलघाण्यावरून टरफलांची पोती आणली आणि ती भरून मावशीच्या बांधावर पिंप मांडलं.

"एवढं शिकून पाणी गाळायला लागलीस व्हय गं?" मावशी हसली. "लग्नात भांडी नको, हेच पिंप देऊ तुला."

नाल्याच्या पाण्यात तपासणीचं औषध टाकलं की गर्द जांभळा रंग यायचा. पिंपातून आलेल्या पाण्यात तो जेमतेम गुलाबी आला. मला आनंदानं रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी पत्रक तयार: 'विष त्यांचं, टरफलं आपली!' नाल्याकाठच्या मळ्यामळ्यांत मी ते वाटलं. टरफलं दर आठवड्याला बदला, असं त्यात ठळक छापलं होतं.

काढलेल्या टरफलांचं काय करायचं, ते मी लिहिलंच नव्हतं.

मळेकऱ्यांच्या घरात पालापाचोळा फेकत नाहीत. तो उकिरड्यावर जातो आणि पेरणीआधी उकिरडा वाफ्यात. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मी तिथंच काढल्या होत्या. थंडीत गेले तेव्हा मावशी कौतुकानं मेथी दाखवू लागली. मातीत सगळीकडे टरफलांचे तुकडे.

"ही टरफलं कुठली, मावशी?"

"तुझीच की. शेणात कुजवली. लय भारी खत झालं बघ. शेजारणीनं बी तसंच केलं."

मग मला सांगावं लागलं. टरफल कुजतं, धातू कुजत नाही. नाल्यातून आठवडे-आठवडे गोळा केलेलं विष तिनं वाफ्यात पसरलं होतं. ज्यांनी सोडलं ते मोकळे, आणि शेतापर्यंत नीट पोहोचवलं मी.

मावशीनं खुरपं खाली ठेवलं. "आन परवा द्वारकेच्या भाजीबाजारात टेम्पोनं जुड्या धाडल्या, त्या?"



ती वाफ्यात बसून मेथी मुळासकट उपटू लागली. मीही बसले. दुपारपर्यंत बांधावर ढीग झाला. शेळ्या तिकडे ओढ घेऊ लागल्या, तशी तिनं त्यांची दावी आखडली.

"आता हे कुठं टाकू?" ती म्हणाली. "तू म्हणतीस पुरायचं नाय, जाळायचं नाय, शेळीला घालायचं नाय. तूच सांग."

पलीकडे शेजारीण तिच्या वाफ्यात बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मी उठले आणि तिच्याकडे निघाले.