भोईर सरांचा आवाज

हे मी कुणालाच बोललेलो नाही. बिल्डिंगचे सेक्रेटरी, रिक्षावाला, आमच्या मुरबाडच्या शाळेचे हेडसर — कुणाचाही आवाज सांग, काढून देतो. पण हे स्वतःच्या आवाजात सांगायचं म्हटलं की जमत नाही. हसू नकोस हां.

वर्तकनगरला मी आत्याकडे राहतो. टेरेसवर तिने ड्रममध्ये ब्लॅकबेरी लावलेली. ठाण्याच्या गरमीत ब्लॅकबेरी? अख्खी बिल्डिंग हसायची. ती म्हणायची, "पहिल्या वर्षी फांद्या वाढतात, दुसऱ्या वर्षी त्यांनाच फळ. मग बघते कोण हसतं ते." आणि आता दुसरं वर्ष लागलेलं.

नवरात्राच्या तोंडावर फांद्यांवर ठिपके आले. जांभळे, मधे राखाडी, जरा खोलगट. तिने नर्सरीवाल्या भोईर सरांना फोन लावला, तो लागला नाही. मग मला म्हणाली, "बुरशीच वाटते रे. उद्या ठिपकेवाल्या फांद्या कापून पिशवीत भर, खाली टाकून ये. आणि दर वेळी कात्री स्पिरिटने पूस."

ब्लॅकबेरीचे काटे बघितलेस कधी? आणि मला पोरांसोबत टेंभी नाक्याला देवीची तयारी बघायला जायचं होतं. एवढंच कारण? हो — एवढंच.

दुसऱ्या दिवशी आधी कोपरला मित्राकडे गेलेलो. त्याच्या फोनवरून आत्याला लावला. आवाज भोईर सरांचा. मातीच्या गोण्या आणायला तिच्यासोबत नर्सरीत जायचो ना, तेव्हाच उचललेला — ती धाप, आधी ते "हं... बघा ताई". म्हटलं, हा माझा दुसरा नंबर. तिने ठिपके सांगितले. मी म्हटलं, बुरशी नाय ताई, उन्हाचे डाग. कापू नका. रोज संध्याकाळी पाइपने पानं वरून धुवा.

हे शेवटचं का बोललो? रंगात आलेलो. मित्र तोंडात उशी कोंबून हसत होता. आणि आत्या म्हणाली, "देवासारखा फोन केलात हो सर!"

ती खरंच रोज संध्याकाळी पाणी मारायला लागली. पानं रात्रभर ओली राहायची. ठिपके एकमेकांत मिसळले, फांद्या तडकल्या, शेंड्याकडून वाळत आल्या — एका ड्रमवरून दुसऱ्यावर. मी रोज बघायचो. रोज वाटायचं, आत्ता सांगतो. आणि मी खाली निघून जायचो.

मग एक दिवस ती वाळलेली फांदी घेऊन नर्सरीत गेली. मला सोबत नेलं.

"तुमच्यामुळे गेली माझी झाडं!"

भोईर सर गडबडले. "ताई, मी फोनच नाय केला तुम्हाला."

तिने मोबाइल पुढे धरला. "हा नंबर माझा नाय. लावून बघा ना," ते म्हणाले.

तिने तिथेच लावला. स्पीकरवर.

मित्र उचलणार, सवयीने "बोल भावा" म्हणणार, आणि मग? — फोन स्विच ऑफ होता. मला काय वाटलं माहितीय? आनंद झाला.

"बंद करून ठेवलाय बघा," आत्या गिऱ्हाइकांसमोर ओरडली. "या वयात खोटं बोलताना लाज नाही वाटत?"

सरांनी फांदीवरून बोट फिरवलं. हळूच म्हणाले, "ही बुरशी आहे. पानांवर पाणी मारा असं मी कशाला सांगेन ताई?" ती ऐकतच नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हा पोरगा काय बोलत नाय?"

"हा? घरी तर तोंड मिटत नाही याचं."

मी मातीच्या गोण्या मोजत राहिलेलो. भीती कसली होती, सांगू? तोंड उघडलं तर त्यांचाच आवाज निघेल.

ड्रम आता रिकामे आहेत. आत्या त्या नर्सरीच्या रस्त्यानेही जात नाही. तिथल्या गिऱ्हाइकांनी काय ऐकलं, कुणाला सांगितलं — मला माहीत नाही.

परवा घरी बिल्डिंगमधल्या बायका आलेल्या. आत्या मला म्हणाली, "अरे, तो खोटारडा नर्सरीवाला करून दाखव ना!"

मी केला. हं... बघा ताई...

"अगदी अस्साच!" ती टाळ्या वाजवत म्हणाली. "फोनवर अस्साच बोललेला मेला!"

मग हसता हसता ती मधेच थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

मी सरांच्याच आवाजात पुढे बोलत राहिलो.