टेलरताईने पाटी बाहेर लावली

टेलरताई कुणाच्या बापाला भीत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. साफ खोटं. धाकट्या भावाच्या, बारक्याच्या काळजीने तिची झोप कधीच उडाली होती. त्याला पावडरचं, म्हणजे गर्दचं, व्यसन होतं.

त्याच्यासाठीच तिने दुकानामागची खोली उघडली. नशा सोडू पाहणारे तिथे जमायचे. येताना हातात उसवलेली पँट नाहीतर फाटका सदरा आणायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, शिवायला टाकायला आलाय. आत चहा, गप्पा, रडणं, अधूनमधून शिव्यासुद्धा. बारक्याची पावडर तिथेच सुटली, आणि सुटून बरेच महिने झाले होते.

मग सरकारी मदत मंजूर झाली. खोलीच्या भाड्याची चिंता मिटली, सरकारी नर्सबाई येऊ लागल्या. सोबत एक पाटीही आली, 'व्यसनमुक्ती केंद्र'. ती घेऊन आलेले साहेब बिचारे म्हणाले, "ताई, आतच लावा हं." पण ऐकेल ती टेलरताई कसली! "आता सरकार पाठीशी आहे. आम्ही काय चोऱ्या करतो?" म्हणत तिने स्टुलावर चढून पाटी थेट रस्त्याकडच्या दारावर ठोकली.

झालं. दुसऱ्या दिवशी चहाचं पातेलं भरलेलंच राहिलं. फाटक्या सदऱ्याला आता कोण फसणार? बारक्या समोरच्याच गॅरेजात कामाला, आणि त्याच्या व्यसनाचा पत्ता नसलेला मालक दिवसभर या दाराकडे तोंड करून बसायचा. बारक्या खोलीकडे फिरकेना. मग गॅरेजातही दिसेना.

नर्सबाई म्हणाल्या, "ताई, त्याच्या अंगाची सवय मोडलीये. आता पूर्वीएवढी पावडर घेतली ना, तर श्वासच थांबेल."

पायात चप्पल नाही, गळ्यात मापाची टेप तशीच, ताई बारक्याच्या भाड्याच्या खोलीकडे धावत सुटली. मागे नर्सबाई. दाराला आतून कडी.

"बारक्या, दार उघड रे."

दोघींनी खांदे लावले तेव्हा कुठे कडी निखळली.

बारक्या भिंतीला टेकून बसलेला, ओठ निळे. नर्सबाईंनी पिशवीतून औषध काढून त्याच्या नाकात फवारलं. काही नाही. ताईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "माझ्या अकलेला आग लागो," ती पुटपुटली. पुन्हा फवारल्यावर छाती हलली. तो खोकला, डोळे किलकिले करून म्हणाला, "कशाला आलीस, ताई?" त्याच्या थोबाडीत द्यावी की उराशी धरावं, तिला कळेना.

नर्सबाईंनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि त्या ताईकडे वळल्या. "बाकीचेही आले नाहीत ना, ताई? कुठे राहतात ते?"

खोलीत येणाऱ्याला नाव विचारायचं नाही, घर विचारायचं नाही, हा नियम ताईनेच केला होता. त्यांतल्या एकाचंही घर तिला ठाऊक नव्हतं.