पित्त नव्हे, ढेकूण

नवऱ्याच्या दंडावर खाजणारे लाल फोड एका ओळीत उठले, तेव्हा सासूबाईंनी माझ्या भरल्या वांग्यांना दोष दिला आणि पित्त समजून त्याला आमसुलाचं पाणी चोळलं. घरात वांगी बंद झाली, तरी फोड वाढतच गेले. शेवटी आम्ही तिघं आमच्या इंदूरच्या पलासिया भागात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

"खटमल," ते म्हणाले. "खाजवू नका, थंड पट्टी ठेवा, हे मलम लावा. और पहले पलंग देखिए."

सासूबाई भडकल्या. "आमच्या घरात? अहो, स्वच्छतेत इंदूर देशात पहिलं आहे!"

"ये खटमल को कौन बताए, माँजी?"

घरी येऊन गादी उलटली, तर शिवणींत काळे ठिपके आणि आमच्या रक्तावर पोसलेले लठ्ठ ढेकूण. चादरी उकळत्या पाण्यात धुतल्या, फवारणीवाल्याला दोनदा बोलावलं. ऐन उन्हाळ्यात सासूबाई गल्लीभर सांगत होत्या, "दिवाळीची सफाई काढलीय."

मग एक दिवस शेजारच्या काकूंनी फाटकाशी येऊन हळूच विचारलं, "तो फवारणीवाला भिया जरा आमच्याकडेही पाठवाल?"

सासूबाईंचा चेहरा असा उजळला, की तसा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"पाठवते ना," त्या म्हणाल्या. "पण घर जरा स्वच्छ ठेवत जा हो."