मामाला दिलेला इसार

मुलीच्या लग्नाआधी आठ दिवस, पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी, चाळीस फेट्यांच्या कामाचा पाचशे रुपये इसार मी दिला. हजर तिघंच: मी, बायको आणि फेटे बांधणारा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ.

एकेकाळी तो मुंबईत मोठ्या नट्यांचा स्टायलिस्ट होता, पेपरात फोटो यायचे. एका नटीला नेसवायला म्हणून त्यानं माझ्या बायकोची लग्नातली पैठणी मागून नेली आणि कापून तिचं जाकीट शिवलं. बायकोनं ते टीव्हीवर ओळखलं. मग आणखी बायकांच्या साड्या कापल्याचं निघालं आणि त्याला कुणी दारात उभं करेना. गावी कन्नडला परतून तो लग्नांत फेटे बांधू लागला.

"ताई, मामाला कुणी इसार देतं व्हय? मी पोरीच्या पाठीशी उभा राहणार."

"तिथं माझा चुलतभाऊ उभा राहील. तू फेटे बांध."

त्यानं फेटे सुरेख बांधले. मंगलाष्टकं मात्र मांडवाबाहेरून ऐकली.

उरलेले साडेतीन हजार बायकोनं फेटेवाल्याला मोजून दिले. मामाचा आहेर चुलतभावाला गेला.