गौरीची ट्यूब आणि माझा प्रोसेसर

आमच्या घरात मला कॉम्प्युटर उघडायची परवानगी आहे. फ्रिज उघडायची नाही.

हा हुकूम तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आणि या सगळ्याला कारण आमचे दाजी! दाजी म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, राहणार डाळज, तालुका इंदापूर. (चूक आपली असली की आधी पाहुण्यांकडे बोट दाखवावं, ही आमच्या घराण्याची जुनी रीत आहे.)

दाजींना आणि मला मोटारींच्या शर्यतीचा एक गेम खेळायचा नाद. ते तिकडून खेळणार, मी वडगाव निंबाळकरातून. दोघांचीही चाळिशी उलटलेली, त्यामुळे बायकांना 'कंपनीचं काम चाललंय' असं सांगावं लागतं. दाजींचा लॅपटॉप नवाकोरा. माझा कॉम्प्युटर असा, की वळण आलं की माझी गाडी जागच्या जागी थिजायची आणि हलायची तेव्हा दाजी शर्यत जिंकून जेवायला बसलेले असायचे. एका बारशाला त्यांनी भर पंगतीत विचारलं, "मेहुणं, तुमची गाडी वळणावर चहाला थांबती का?" पंगत हसली. माझी बायको सगळ्यात जास्त हसली. मला ते फार लागलं, कारण गावात मी कॉम्प्युटरमधला जाणकार समजला जातो.

पुढच्या रविवारी दाजी लॅपटॉप घेऊन मुक्कामी येणार होते, आणि शर्यत घरात सगळ्यांदेखत होणार होती. नवा कॉम्प्युटर मागायची माझी छाती नव्हती. मग मी व्हिडिओ बघून ओव्हरक्लॉकिंग शिकलो. म्हणजे प्रोसेसरला त्याच्या कुवतीपेक्षा जोरात पळवायचं. तो तापतो, म्हणून त्याच्यात आणि वरच्या पंख्यात एक पेस्ट लावायची. ती उष्णता ओढून घेते. हे तात्यांना समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजी म्हाताऱ्या बैलाला शेपटी पिरगाळून पळवायचं, आन् वर मलम चोळायचं." एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले.

त्या आठवड्यात त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतंच. आमच्या गौरीला, गोठ्यातल्या सगळ्यात दुधाळ गाईला, दगडी झाली होती. म्हणजे कास सुजून दगडासारखी टणक होते, तो आजार. डॉक्टरांनी सडात सोडायच्या ट्यूबा दिल्या होत्या आणि बजावलं होतं, की रविवारची शेवटची ट्यूब चुकली तर तो सड कायमचा गेलाच म्हणून समजा. तात्या ताटावरून उठून गोठ्यात जायचे आणि तिच्याशी बोलत बसायचे. (माझ्या दहावीच्या निकालाच्या वेळी ते निवांत झोपले होते.)

ही ट्यूब दिसते बिनसुईच्या इंजेक्शनसारखी. पांढरी, पुढं बारीक तोंड, मागं दट्ट्या. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून तात्यांनी ती फ्रिजच्या दारात ठेवली. माझी पेस्टही थंड जागी ठेवावी, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, म्हणून मी ती तिथंच ठेवली. आता ही पेस्ट कशात भरून येते? बिनसुईच्या इंजेक्शनात! पांढरं, पुढं बारीक तोंड, मागं दट्ट्या.

हुशार वाचकांना पुढचं कळलं असेल. मला कळलं नाही.

रविवारी दुपारी मी कॉम्प्युटर उघडला, धूळ पुसली आणि फ्रिजमधून ट्यूब आणली. पेस्ट राखाडी असते म्हणे. माझी पिवळसर निघाली. मला वाटलं, भारीतली असेल. चष्मा होता, पण कपाळावर. बायकोनं डोकावून विचारलं, की दवाखान्यासारखा वास कसला येतोय. मी म्हणालो, तंत्रज्ञानाचा.

मग वेग वाढवला, व्होल्टेजही अंमळ चढवलं आणि गेम सुरू केला. पहिल्या वळणावर गाडी लोण्यासारखी वळली. मला इतका आनंद झाला, की मी बायकोला हाक मारून बोलावलं. ती येईपर्यंत दुसरं वळण आलं आणि पंखा घरघरू लागला. तिसऱ्या वळणावर पडदा काळा झाला. आत बघतो तर सगळीकडे पिवळं तेल ओघळलेलं. चष्मा खाली ओढून ट्यूब वाचली. त्यावर लिहिलं होतं: फक्त जनावरांच्या सडात सोडण्यासाठी.

मी फ्रिजकडे धावलो. दार रिकामं!

"हितली ट्यूब कुठाय?"

"तात्या घिऊन गेलं की गोठ्यात," बायको म्हणाली. "धारंची येळ झाली न्हवं."

मी अनवाणीच पळालो. तात्यांनी गौरीचा सड पुसून हातात धरला होता आणि टोपण काढलेली ट्यूब अगदी टेकवण्याच्या बेतात होती.

"तात्या, थांबा! ती माझ्या कॉम्प्युटरची हाय!"

तात्यांचा हात थांबला. "मंग गौरीची कुठं हाय?"

"कॉम्प्युटरात."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. गौरीनंही मान वळवून बघितलं. मी घाईनं वाकून ट्यूब हिसकली, आणि गौरीनं माझ्या गुडघ्यावर अशी लाथ घातली की मी शेणात बसलो. मुठीतला दट्ट्या दाबला जाऊन राखाडी पेस्ट थेट कपाळावर! तात्या लगबगीनं खाली वाकले आणि गौरीच्या पायाला लागलं नाही ना ते बघितलं.

"जा, ती काढून आण तितनं," ते म्हणाले.

मी सांगितलं, की वितळली. डॉक्टरांचा फोन बंद होता, गावातल्या दुकानात ट्यूब नव्हती. तात्या नुसते गौरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. आता एकच माणूस बारामतीच्या वाटेवर होता. मी फोन लावला.

"दाजी, बारामतीतनं येताना दगडीची एक ट्यूब आणा."

"अवो, तात्यांकडं व्हती की."

"व्हती. मी लावली."

"गाईला?"

"न्हाय."

मग मला सगळंच सांगावं लागलं. दाजींनी गाडी बाजूला घेतल्याचं फोनवर ऐकू आलं. का घेतली तेही बराच वेळ ऐकू येत होतं.

पण माणूस वेळेला धावला. ट्यूब आली, तात्यांनी ती स्वतःच्या हातानं सोडली आणि दाजींना आग्रह करकरून जेवायला वाढलं. शर्यतीचा विषय कुणीच काढला नाही. माझ्या कपाळावरचा राखाडी पट्टा काही केल्या निघेना, तेव्हा भस्म लावलेले महाराज म्हणून दाजी माझ्या पाया तेवढे पडले.

गौरी आता चारही सडांनी भरून दूध देते. कॉम्प्युटर मात्र त्या दिवसापासून सुरूच झालेला नाही. मी तरीही रोज त्याच्यापुढं बसून बटण दाबून बघतो. तात्या आल्यागेल्याला सांगतात, "गाय वाचली बघा. पर घरात दोन भाकड जनावरं ऱ्हायलीत. एक टेबलावर हाय, आन् दुसरं त्येच्यासमोर खुर्चीत बसतंय."