वरच्या काकांचे गुरुवार

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका आवाजाचा लोभी माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये शोधून सापडायचा नाही. लोक दागिने जपतात, सातबारे जपतात. काका आवाज जपतात, आणि तेही न कापता. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर गिअरबॉक्सला कान लावून दोष ऐकले. तिथली एक शिस्त त्यांच्या अंगात मुरली ती मुरलीच: रेकॉर्डिंग मध्येच थांबवायचं नाही, कारण नेमका तेव्हाच दोष निसटतो. निवृत्तीनंतर गिअरबॉक्स सुटले, शिस्त उरली. कंपनीची सुट्टी गुरुवारची, म्हणून काकांचा वारही तोच. सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात माइक टांगत, कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू करत आणि शुक्रवार उजाडल्याशिवाय त्याला हात लावत नसत.

एकेक फाईल इतकी अगडबंब व्हायची की ती उघडताना कॉम्प्युटर धापा टाकायचा. नावं ठेवण्यात मात्र काका भारी कंजूष. ‘गुरुवार’, ‘गुरुवार नवा’, ‘गुरुवार नवा खरा’, यापुढे त्यांची प्रतिभा गेली नाही. जागा संपली की फाईल सोडून बाकी काहीही पुसायची त्यांची तयारी असे. एकदा मुलाच्या लग्नाचा व्हिडिओच उडवला. म्हणाले, सुनेकडं आहेच की. फाईलची प्रत निघत असेल तर घरात मिक्सर लावायला बंदी. बरं, कान एवढा तयार असून निदान हमखास चुकायचं. सोसायटीच्या पंपाचं बेअरिंग गेलंय, असं त्यांनी भर सभेत रेकॉर्डिंग ऐकवून छातीठोकपणे सांगितलं. सेक्रेटरींनी बेअरिंग बदललं, तरी घरघर तशीच. मग कळलं की पंपाच्या खोलीमागे वॉचमन दुपारचा झोपतो.

काकू लातूरकडच्या, काकांसारख्याच, पण बोलायला अगदी कमी. या सगळ्याकडे त्या पोरखेळ म्हणून बघायच्या. आमच्याकडे दुरुस्तीसाठी अधूनमधून वीज जाते ती गुरुवारीच, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काकांनाही होतं, पण वीज जाण्याआधी रेकॉर्डिंग थांबवणं म्हणजे शिस्त मोडणं. एका गुरुवारी व्हायचं तेच झालं. वीज गेली आणि फाईल तशीच अर्धवट राहिली. पुढच्या गुरुवारी बघू, म्हणून काकांनी ते मनावरही घेतलं नाही. पण त्याच आठवड्यात काकूंना पिंपरीला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि त्या परत आल्या नाहीत.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी काका खाली आमच्याकडे आले. हातात स्टीलचा डबा, डब्यात काकूंच्या मफलरमध्ये गुंडाळलेली हार्डडिस्क. लिफ्टच्या मोटरवर भरवसा नव्हता म्हणून जिना उतरून आले होते. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे काकांच्या लेखी मी फाईलची डॉक्टर.

“बाकीचे गुरुवार ऐकून झाले,” ते म्हणाले. “ह्यो शेवटचा तेवढा उघडंना. वेळ शून्य दाखवायलाय. एवढी जड फाईल रिकामी कशी असंल गं?”

रिकामी नव्हतीच. रेकॉर्डिंग रीतसर बंद केलं की कॉम्प्युटर फाईलच्या सुरुवातीला तिची लांबी लिहितो. इथं बंद करणंच राहून गेलं होतं. आत आवाज होता, पण लांबी शून्य. मी एका धडधाकट गुरुवारची सुरुवात उचलून या फाईलला जोडली आणि लांबी दुरुस्त केली. त्यात माझा अख्खा रविवार गेला. संध्याकाळी स्पीकरमधून एकदम भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि मला रडू आवरेना.

मग मला नको तो उत्साह आला. काकांना एवढी मोठी फाईल चाळायला नको म्हणून मी काकूंची मोजकी वाक्यं तेवढी कापून त्यांच्या मोबाइलवर टाकून दिली. काकांनी ती नीट ऐकली.

“चांगलं केलंस. पण मधलं कुठाय? ती काय सारखी बोलत नव्हती गं. गप्प असली तरी घरातच असायची.”

मी अख्खी फाईल परत दिली. तिच्यात एका ठिकाणी काकू विचारतात, “अहो, च्या टाकू का?” उत्तर येत नाही. त्या पुन्हा विचारतात. तरी नाही. काकांनी मला नंतर सांगितलं, त्या वेळी ते कानाला हेडफोन लावून आदला गुरुवार ऐकत बसले होते.

आता काका रेकॉर्डिंग करत नाहीत. गुरुवारी सकाळी तीच फाईल लावतात आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतात. आमच्या छतातून भाकरीची थापथाप ऐकू येते, बऱ्याच वेळाने काकूंचा प्रश्न येतो, आणि काका पहिल्याच हाकेला ओ देतात.

“टाक की,” ते म्हणतात. “तुलाबी टाक.”